टस्कंबियाची घरशाळा

हेलन केलर हे नाव आपल्या पिढीच्या वाचकांस नवे नाही. पंपाच्या धारेखाली एक हात धरून उभी असलेली आणि दुसऱ्या तळहातावर गुरूने लिहिलेल्या अक्षरांचा अर्थ एकाएकी उमगलेली ती आंधळी-बहिरी मुलगी आपण सर्वांनी कधी ना कधी गोष्टीतून ऐकली आहे. ती गोष्ट नेहमी चमत्कार म्हणून सांगितली जाते. प्रस्तुत लेखाचा हेतू वेगळा आहे. अत्यंत कुशाग्र बुद्धीच्या, परंतु दृष्टी आणि श्रवण ही दोन्ही इंद्रिये गमावलेल्या एका बालिकेचे आरंभीचे शिक्षण शाळेत न होता घरी झाले. ते कोणी केले, कोणत्या रीतीने केले आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा आढावा आम्हांस येथे घ्यावयाचा आहे. असामान्य बुद्धी आणि गंभीर अपंगत्व एकाच मुलाच्या वाट्याला येणे ही आपल्याही घरांत घडणारी गोष्ट आहे. अशा वेळी आईबापांपुढे जे प्रश्न उभे राहतात, त्यांतील बहुतेक प्रश्न टस्कंबियाच्या त्या घरात सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी उभे राहिले होते. त्यांतील काही तेथे सुटले, काही सुटले नाहीत.

हेलनचा जन्म २७ जून १८८० रोजी अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यात, टस्कंबिया या लहानशा गावी झाला. वडील कॅप्टन आर्थर केलर हे यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेले अधिकारी. पुढे ते गावातील एका वृत्तपत्राचे संपादक झाले. आई केट ही त्यांची दुसरी पत्नी. हेलन एकोणीस महिन्यांची असताना, १८८२ च्या फेब्रुवारीत, तिला कडक ताप आला. मूल वाचणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले होते. ताप उतरला, घरात आनंद झाला. आणि काही दिवसांनी आईच्या ध्यानात आले की डोळ्यांपुढे हात हलविला तरी मूल पापणी हलवीत नाही, आणि जेवणाची घंटा वाजली तरी वळून पाहत नाही.

यानंतरची पाच वर्षे हेलन याच घरात राहिली. ही वर्षे गोष्टीत एकदोन वाक्यांत आटोपली जातात. आमच्या मते ती बारकाईने पाहिली पाहिजेत, कारण 'घरी शिकविणे' आणि 'घरी ठेवणे' यांतील अंतर तेथे स्पष्ट दिसते. मुलीवर आईबापांची माया होती, खाण्यापिण्यास कमी नव्हते, सभोवार बागबगीचा होता. मुलीची बुद्धीही स्वस्थ बसली नव्हती. पाव हवा असेल तर पाव कापून लोणी लावण्याची खूण, थंड पदार्थ हवा असेल तर अंग शहारल्याची खूण, अशा कितीतरी खुणा तिने स्वतःच्या स्वतः रचल्या होत्या. स्वयंपाकिणीची मुलगी मार्था वॉशिंग्टन ही तिची सवंगडी. तिला या खुणा कळत असत. परंतु इतरांची तोंडे हलतात आणि त्यांचे काम होते, आपले तोंड हलविले तरी काही होत नाही, हे त्या मुलीला ओठांना हात लावून कळले होते आणि त्या कळण्याचा तिला अनावर संताप येत असे. एकदा तिने आईला कोठीच्या खोलीत कोंडून कुलूप घातले. एकदा तान्ह्या बहिणीचा पाळणा उलथून टाकला. आईने वेळीच मूल झेलले म्हणून अनर्थ टळला. जेवणाच्या टेबलाभोवती फिरून प्रत्येकाच्या ताटातले हवे ते हाताने उचलण्याची तिला मुभा होती. कोणी अडविले तर ती लोळण घेई, आणि घरातील मंडळी कीव येऊन, किंवा थकून, तिला हवे ते देऊन टाकीत. मायेच्या घरात पाच वर्षे काढूनही त्या मुलीला शिक्षणाचा एक कणही मिळाला नव्हता.

या अंधारात पहिला कवडसा आला तो एका पुस्तकातून. चार्ल्स डिकन्स यांनी १८४२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या अमेरिकेच्या प्रवासवर्णनात लॉरा ब्रिजमन या अंध-बधिर मुलीविषयी लिहिले होते. बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत डॉ. सॅम्युएल ग्रिडली हॉव यांनी १८३७ पासून तिला शिकविले होते. चमचा, किल्ली अशा वस्तूंवर उठावाच्या अक्षरांतील नावे चिकटवून, नंतर अक्षरे सुटी करून, क्रमाक्रमाने त्यांनी तिला भाषेपर्यंत नेले. हे वर्णन केट केलर यांच्या वाचनात आले होते. डॉ. हॉव तर १८७६ सालीच वारले होते. तरीही आईने आशा सोडली नाही. १८८६ साली वडील हेलनला घेऊन बाल्टिमोरच्या नेत्रवैद्यांकडे गेले. डोळ्यांना उपाय नाही, पण ही मुलगी शिकू शकेल, असे सांगून त्यांनी वॉशिंग्टनला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्याकडे पाठविले. टेलिफोनचे जनक म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्या बेल यांनी बधिरांच्या शिक्षणाला आयुष्याचा मोठा भाग दिला होता. त्यांनी पर्किन्सचे संचालक मायकेल अनाग्नोस यांना पत्र लिहिण्यास सुचविले. अनाग्नोस यांनी आपल्या एका माजी विद्यार्थिनीची निवड केली. तिचे नाव ॲन सलिव्हन.

सलिव्हनबाईंचा जन्म १४ एप्रिल १८६६ रोजी आयर्लंडहून आलेल्या एका दरिद्री कुटुंबात झाला. पाचव्या वर्षाच्या सुमारास डोळ्यांना खुपऱ्या झाल्या आणि दृष्टी जवळजवळ गेली. आई क्षयाने वारली, बापाने मुले सोडून दिली. १८७६ साली धाकट्या लंगड्या भावासह त्यांची रवानगी ट्यूक्सबरी येथील, निराधारांसाठी राज्य सरकारने चालविलेल्या आश्रमात झाली. तो भाऊ काही महिन्यांतच तेथे मरण पावला. तेथे पाहणीसाठी सरकारी मंडळी आली असता या मुलीने त्यांच्यापुढे धाव घेऊन आपल्याला शाळेत जावयाचे आहे असे सांगितले, आणि १८८० साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, ती पर्किन्समध्ये दाखल झाली. त्या वेळी तिला लिहिता-वाचताही येत नव्हते. सहा वर्षांनी ती आपल्या वर्गात पहिली येऊन बाहेर पडली. शस्त्रक्रियांनी तिला वाचण्यापुरती दृष्टी परत मिळाली होती. वृद्ध लॉरा ब्रिजमन त्याच संस्थेत राहत असे आणि तिच्याशी बोलण्यासाठी सलिव्हनबाई बोटांची वर्णमाला शिकल्या होत्या. टस्कंबियाला निघण्यापूर्वी काही महिने त्यांनी डॉ. हॉव यांची लॉराविषयीची टिपणे वाचून काढली. त्यांची तयारी ती एवढीच. अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते, आणि वयाला एकवीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

३ मार्च १८८७ रोजी त्या केलर यांच्या घरी पोहोचल्या. दुसऱ्या दिवशी हेलनला एक बाहुली दिली आणि तिच्या तळहातावर बोटांनी 'बाहुली' या अर्थाचा इंग्रजी शब्द लिहिला. मुलीने खेळ समजून त्याची नक्कल केली. पण थोड्याच दिवसांत बाईंच्या ध्यानात आले की, अक्षरांच्या आधी दुसरेच एक काम पार पाडावयाचे आहे. जेवणाच्या टेबलावर आपल्या ताटात हात घालू देण्यास त्यांनी नकार दिला. घरची मंडळी खोलीबाहेर गेली, दाराला आतून कुलूप लागले, आणि मुलीने चमच्याने खाऊन नॅपकिनाची घडी घालीपर्यंत तासभराहून अधिक वेळ झटापट चालली. बाईंना कळून चुकले की मुलगी रडली की बाप विरघळतो आणि आजचे मिळविलेले उद्या वाया जाते. तेव्हा त्यांनी आईवडिलांकडे एक विलक्षण मागणी केली. बागेतील लहान घरात मला मुलीला घेऊन काही दिवस एकटीला राहू द्या. मुलीला जागा ओळखता येऊ नये म्हणून गाडीतून फेरफटका मारून तेथे नेण्यात आले. मूळ घरापासून हे घर हाकेच्या अंतरावर होते. आईबाप खिडकीतून मुलीला पाहून जात. परंतु मुलीला ते कळू द्यावयाचे नाही असा करार होता.

हा मुक्काम सुमारे दोन आठवड्यांचा होता. त्यात मुलगी शांत झाली, मणी ओवू लागली, सुईदोरा हाती धरू लागली. आजच्या दृष्टीने बाईंचे काही उपाय कठोर वाटतील, आणि ते तसे होतेही. मूल जबरदस्तीने बसविणे, जेवण काढून घेणे, यांचे समर्थन आज कोणी शिक्षक करणार नाही, आणि ते करण्याचा आमचाही विचार नाही. मात्र त्यामागची एक जाणीव आम्हांस मोलाची वाटते. या मुलीकडून कोणी काहीच अपेक्षिलेले नव्हते. इतर मुलांकडून अपेक्षितात ते हिच्याकडून अपेक्षिणारी पहिली व्यक्ती म्हणजे सलिव्हनबाई. निराधारांच्या आश्रमात वाढलेल्या त्या तरुणीला कीव म्हणजे काय आणि तिने माणसाचे किती भले होते, हे पुरते ठाऊक होते.

मार्चअखेर हेलनला अठरा नामे आणि तीन क्रियापदे बोटांनी लिहिता येत होती. परंतु प्रत्येक वस्तूला नाव असते, ही मूळ गोष्टच तिला उमगली नव्हती. पेला आणि त्यातील पेय यांची नावे ती एकमेकींत मिसळीत असे. ५ एप्रिल १८८७ रोजी बाईंनी तिला विहिरीवरील पंपाशी नेले, तिच्या हातातील पेल्यावर पाण्याची धार सोडली आणि दुसऱ्या हातावर 'पाणी' हा शब्द लिहिला. पुढचे सर्वांस ठाऊक आहे. मुलगी थबकली, तिने तो शब्द पुन्हा पुन्हा लिहिला, जमिनीला हात लावून तिचे नाव विचारले, पंपाचे विचारले, मग बाईंकडे वळून त्यांचे नाव विचारले. काही तासांतच तिने सुमारे तीस नवे शब्द मिळविले.

गोष्ट येथे संपते. इतिहास मात्र येथून पुढे अधिक महत्त्वाचा आहे. त्याच आठवड्यात सलिव्हनबाईंनी घेतलेला एक निर्णय आम्हांस पंपावरील प्रसंगाहून मोठा वाटतो. पर्किन्समधील आपल्या मातृतुल्य स्नेही श्रीमती हॉपकिन्स यांना त्या नियमितपणे पत्रे लिहीत. पुढे १९०३ साली हेलनच्या आत्मचरित्राबरोबर ती छापली गेल्यामुळे त्यांच्या विचारांची दिवसागणिक वाटचाल आपणांस पाहता येते. घरात हेलनचे पंधरा महिन्यांचे एक भावंड येत असे. त्या मुलाला बोलता येत नव्हते, पण सांगितलेले बरेच कळत होते. बाईंनी ते पाहिले आणि स्वतःलाच प्रश्न केला की, डोळस मूल भाषा शिकते ते कसे? त्याला कोणी ठराविक वेळी बसवून शब्दांचे धडे देत नाही. त्याच्या कानांवर दिवसभर पूर्ण वाक्ये पडत असतात, त्यातले त्याला काही कळते, पुष्कळसे कळत नाही, आणि एके दिवशी ते बोलू लागते. मग हेलनच्या तळहाताशीही तसेच बोलावे. त्या दिवसापासून बाईंनी ठराविक वेळचे पाठ बंद केले. उठल्यापासून निजेपर्यंत जे घडेल त्याविषयी त्या पूर्ण वाक्यांत तिच्या हातावर बोलू लागल्या. ती समजेल की नाही याची वाट पाहिली नाही. डॉ. हॉव यांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या पद्धतीने लॉराला शब्द मिळाले होते, पण तिची भाषा अखेरपर्यंत आखडलेली राहिली. हेलनची भाषा वाहू लागली याचे कारण या एका निर्णयात आहे.

आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या कुटुंबांना हे मर्म निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. वडोदऱ्यात गुजराती, इंदूर-ग्वाल्हेरीस हिंदी, बेळगावी कानडी, हैदराबादेस तेलुगू-उर्दू अशा भाषांच्या वेढ्यात आपल्या घरांतून मराठी टिकली ती काही व्याकरणाच्या तासांनी टिकली नाही. आजीने देवघरातून हाक मारली, आत्याने रागे भरले, पंगतीत आग्रह झाला, आणि मुलांना भाषा आली. जेथे घरात बोलणे थांबले तेथे शिकवणी लावूनही ती आली नाही, हेही आपण पाहिले आहे. सलिव्हनबाईंनी हे घरगुती सत्य एका अंध-बधिर मुलीच्या तळहातावर उतरविले.

पुढील शिक्षण बहुतांशी घराबाहेर, मोकळ्या हवेत झाले. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर उठावाचे शब्द असत; 'बाहुली', 'बिछान्यावर', 'आहे' हे शब्द खऱ्या बाहुलीशेजारी खऱ्या बिछान्यावर मांडून वाक्य करावयाचे. टेनेसी नदीच्या काठी एक जुना धक्का होता. तेथे ओल्या मातीचे बांध, बेटे आणि नद्यांची पात्रे करताना भूगोल कधी शिकला गेला ते मुलीला कळलेही नाही. बाईंनी मातीचे उठावाचे नकाशेही करून दिले. मण्यांची माळ ठरावीक क्रमाने ओवताना हेलन एकदा चुकली आणि क्रम आठवू लागली, तेव्हा बाईंनी तिच्या कपाळाला हात लावून 'विचार करणे' हा शब्द हातावर लिहिला. डोक्यात जे चालले आहे त्यालाही नाव आहे, हे तिला त्या क्षणी समजले. १७ जून १८८७ रोजी तिने पेन्सिलीने आपले पहिले पत्र लिहिले. बाईंना येऊन त्या वेळी साडेतीन महिने झाले होते.

आता बुद्धीविषयी. मुलीच्या बुद्धीची झेप लक्षात येताच घरात उलट काळजी सुरू झाली. मोजणे शिकल्यावर ती घरातील सर्व वस्तू मोजू लागली, पुस्तकातील शब्दही मोजू लागली. झोप कमी झाली, भूक मंदावली. तिच्या मेंदूवर ताण पडतो आहे, शिकविणे आवरा, असे जो तो सांगू लागला. काही महिन्यांपूर्वी हिला मेंदूच नाही असे मानणारी मंडळी हीच, असे बाईंनी पत्रात काहीशा तिखटपणे लिहिले आहे. त्यांनी शिकविणे थांबविले नाही; हातांना विणकामासारखे शांत काम दिले आणि प्रश्नांची उत्तरे देणे चालू ठेवले. कुशाग्र मुलाचे मन उपाशी ठेवल्याने शांत होत नाही, आणि अपंग मुलाच्या बाबतीत तर त्या उपासमारीला 'विश्रांती' असे गोंडस नाव मिळते. येथे सलिव्हनबाईंनी धरलेला मार्ग आजही विचार करण्याजोगा आहे.

कीव हा पहिला धोका होता, तर कीर्ती हा दुसरा. १८८८ च्या मे महिन्यात हेलन आई व बाईंसह बॉस्टनला गेली. अनाग्नोस यांनी आपल्या अहवालांतून तिची मुक्तकंठाने स्तुती केली होती. वृत्तपत्रांनी तीत भर घातली. मुलीचे कौतुक अतिशयोक्तीने होऊ नये असे बाईंना वाटत होते, पण ते त्यांच्या हाती राहिले नाही. १८९१ साली अकरा वर्षांच्या हेलनने हिमराजाविषयी एक कथा लिहून अनाग्नोस यांना वाढदिवसाची भेट म्हणून पाठविली. ती छापली गेली, आणि लवकरच ती मार्गारेट कॅन्बी यांच्या एका जुन्या कथेशी जुळते असे उघडकीस आले. ते पुस्तक १८८८ च्या उन्हाळ्यात हेलनला हातावर वाचून दाखविले गेले होते. मुलीला त्याची आठवण उरली नव्हती. शब्द मात्र मनात राहिले होते. पर्किन्समध्ये आठ जणांची चौकशी समिती बसली. सलिव्हनबाईंना खोलीबाहेर पाठवून त्या मुलीला प्रश्न विचारण्यात आले. मते समसमान पडली आणि अनाग्नोस यांच्या निर्णायक मताने तिची सुटका झाली. पुढे मात्र त्यांचाही विश्वास उडाला. आपण लिहितो ते आपले की दुसऱ्याचे, ही शंका हेलनला त्यानंतर दीर्घकाळ छळीत राहिली आणि कथालेखनाकडे ती पुन्हा वळली नाही. जिने प्रत्येक शब्द दुसऱ्याच्या बोटांतून घेतला, तिच्यावर वाङ्मयचौर्याचा आळ घेणाऱ्यांना भाषा कशी येते हे कळलेच नव्हते. पण एवढ्या लहान वयात तिला जगापुढे नवल म्हणून उभी केली नसती, तर हा आळ घेण्यास कोणी आलेच नसते, हेही खरे.

पुढील वाटचाल थोडक्यात सांगतो. १८९० साली सेरा फुलर यांच्याकडे बोलण्याचे धडे झाले, तरी हेलनचा उच्चार परक्यास सहज समजेल असा कधीच झाला नाही. न्यूयॉर्कची बधिरांची शाळा, मग केंब्रिजची मुलींची शाळा, असे करीत १९०० साली तिने रॅडक्लिफ महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि १९०४ साली ती सन्मानासह पदवीधर झाली. केंब्रिजच्या शाळेच्या प्रमुखांनी मध्यंतरी गुरू-शिष्येची ताटातूट करण्याचा प्रयत्न केला होता. आईने येऊन तो मोडून काढला. महाविद्यालयातील प्रत्येक व्याख्यान आणि ब्रेलमध्ये नसलेले प्रत्येक पुस्तक सलिव्हनबाईंनी आपल्या अधू डोळ्यांनी वाचून तिच्या हातावर उतरविले. पदवी एकीला मिळाली. दुसरीचे डोळे त्या वर्षांत आणखी खालावले, आणि उतारवयात त्या पूर्ण अंध झाल्या. २० ऑक्टोबर १९३६ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा टस्कंबियाला पाऊल टाकल्यास एकोणपन्नास वर्षे झाली होती.

या घरशाळेचा हिशेब मांडताना जमेच्या बाजूइतक्याच इतर गोष्टीही नोंदल्या पाहिजेत. पत्रव्यवहार करू शकणारा बाप होता. बेल यांच्यापर्यंत पोहोचता येत होते. पुढे हेन्री रॉजर्स यांच्यासारख्या धनिकांनी खर्च उचलला. त्याच अंगणात खेळणाऱ्या, हेलनच्या खुणा सर्वांआधी समजलेल्या मार्थाचे पुढे काय शिक्षण झाले, हा प्रश्न त्या गोष्टीत कोणी विचारीत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एका मनुष्याचे संपूर्ण आयुष्य त्यात खर्ची पडले. 'घरी शिकविले' या दोन शब्दांत हे सारे झाकले जाते.

आपल्याकडेही असे झाकण घालण्याची रीत जुनी आहे. हेलनच्या जन्मानंतर अवघ्या एका वर्षाने, १८८१ साली, विदर्भात गुलाबराव महाराजांचा जन्म झाला. तान्हेपणीच दृष्टी गेलेल्या या पुरुषाने चौतीस वर्षांच्या आयुष्यात विपुल ग्रंथरचना केली, आणि 'प्रज्ञाचक्षू' ही पदवी आपण त्यांना आदराने देतो. त्यांच्या प्रज्ञेविषयी वाद नाही. परंतु त्यांना ग्रंथ वाचून दाखविणारे आणि त्यांचे शब्द उतरवून घेणारे हात किती आणि कोणाचे होते, याची चर्चा आपल्या घरांतून क्वचितच होते. दैवी देणगी म्हटले की मागचे श्रम दिसेनासे होतात. तसे झाले म्हणजे ज्या घरात असे मूल आहे, त्या घराला या इतिहासातून शिकण्यासारखे काही उरत नाही.

हेलन केलर १९५५ साली भारतात आल्या होत्या. त्या वेळी त्यांचे वय चौऱ्याहत्तर होते. पंतप्रधान नेहरूंच्या चेहऱ्यावरून त्यांनी बोटे फिरविली, ते छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यानंतर आपल्या देशात संस्था निघाल्या, कायदे झाले. बुद्धिमान मुलांसाठी पुण्यात १९६२ साली ज्ञानप्रबोधिनी सुरू झाली होती. अंध-बधिर मुलांसाठी मुंबईत १९७७ साली हेलन केलर यांच्याच नावाची संस्था उभी राहिली. दोन्ही कामे थोर. मात्र बुद्धी असामान्य आणि शरीर अधू असे मूल घेऊन बाप निघाला, तर त्याने कोणत्या दारावर थाप द्यावी, हा प्रश्न बहुतेक गावांत आजही सुटलेला नाही. शासकीय सेवेत असताना अशा अर्जांच्या धारिका आमच्या हातांखालून गेल्या आहेत. अर्जात अपंगत्वाची टक्केवारी लिहिण्यास रकाना असे. हे मूल काय वाचते, काय विचारते, हे लिहिण्यास रकाना नसे; ते कोणी समासात लिहिले तर कारकून त्यावर रेघ ओढी.

शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला आणि २०१२ च्या दुरुस्तीने बहुविकलांग व तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय मिळाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अंध-बधिरत्वाचा स्पष्ट उल्लेख आला. ही तरतूद योग्यच आहे. परंतु टस्कंबियाचा इतिहास वाचल्यावर तिच्याकडे दोन दृष्टींनी पाहावेसे वाटते. घर हा पर्याय मुलासाठी निवडला जातो आहे, की शाळेची अडचण दूर व्हावी म्हणून? आणि घरी राहिलेल्या मुलाशी दिवसभर बोलणार कोण? आठवड्यातून कधीतरी येणाऱ्या शिक्षकाने मूल घरी शिकत नाही, घरी राहते. १८८२ ते १८८७ या काळात हेलन राहिली तसे. सर्व भार आईवर टाकला, तर एका मुलाच्या शिक्षणासाठी दुसरे आयुष्य मिटते, आणि त्या आयुष्याची नोंद कोठेही होत नाही.

आपल्या मंडळाच्या सभासद-कुटुंबांतही अशी मुले आहेत. त्यांची आठवण समारंभात पेटीवादनाच्या किंवा पाढे म्हणण्याच्या वेळी आपणांस होते. टाळ्या होतात आणि आईबाप त्यांना घेऊन घरी जातात. सलिव्हनबाईंच्या मोठेपणाची आपणांस खरी कदर असेल, तर निवृत्तीनंतर हाताशी वेळ असलेल्या आपल्यासारख्यांनी आठवड्यातील दोन दुपारी अशा एखाद्या घरी जावे. मुलाला वाचून दाखवावे, त्याच्या प्रश्नांची उत्तरे द्यावी, आणि तेवढा वेळ त्याच्या आईला मोकळे करावे. यासाठी शासनाचा आदेश लागत नाही, आणि मंडळाच्या ठरावाचीही वाट पाहण्याचे कारण नाही.